जुने दप्तर, नवी मांडणी

मराठवाड्यातील जुन्या माळवदी घराची एखादी तुळई वाळवीने पोखरली, म्हणजे घरधन्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला, घर पाडून नवे बांधण्याचा. दुसरा असा की, तुळईच्या दोन्ही बाजूंस टेकू द्यावेत, माळवदाचे ओझे त्यांवर तोलून धरावे, जुनी तुळई अलगद काढून तिच्या जागी नवी सरकवावी आणि मग टेकू काढून घ्यावेत. ह्या अवधीत घरातील चूल विझत नाही, देव्हाऱ्यातील देव हलत नाहीत आणि बळदातील ज्वारीही उपसावी लागत नाही. पहिल्या मार्गास पैसा फार लागतो. दुसऱ्यास जपणूक फार लागते.

संगणकाच्या डिस्कवरील फायलींची मांडणी बदलण्याचा प्रश्न ह्याच जातीचा आहे. समजा, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव येथे एखाद्या कुटुंबाने घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती आणि शेतीच्या जुन्या कागदांच्या प्रती एका डिस्कवर साठविल्या आहेत. एके दिवशी चार गिगाबाइटांहून मोठे एक चित्रण तीवर ठेवावयास जावे, तो संगणक नकार देतो. डिस्कवर जागा तर मुबलक आहे. मग नकार का? मांडणीची पद्धत जुनी आहे, एवढेच त्याचे कारण. अशा वेळी बहुधा सल्ला मिळतो तो डिस्क फॉरमॅट करण्याचा, म्हणजे ती कोरी करून पुन्हा मांडण्याचा. हा घर पाडण्याचा मार्ग झाला. तुळई बदलण्याचा दुसरा मार्गही ह्या विद्येत आहे. आणि त्याचा इतिहास पाहू जाता आम्हांस असे दिसून आले की, संगणकाचा जन्म होण्यापूर्वीपासून मराठवाड्यातील गावोगावची दप्तरे ह्याच मार्गाने जात आली आहेत. त्या दोहोंची गोष्ट एकत्र सांगण्याचा येथे विचार आहे.

प्रथम डिस्कची गोष्ट. सुट्या पानांची पोथी कल्पनेत आणावी. पाने क्रमाने लावलेली नाहीत. जेथे जागा सापडली तेथे पान ठेविले आहे. मात्र पोथीबरोबर एक तक्ता आहे. अमुक ग्रंथाचे पहिले पान सातवे, सातव्यानंतर बारावे, बाराव्यानंतर तिसरे, अशी साखळी त्यात लिहिलेली आहे. फॅट ह्या नावाने प्रसिद्ध असलेली मांडणी अगदी अशीच आहे. १९७७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीत मार्क मॅकडोनल्ड ह्यांनी ती प्रथम रचिली. पुढे डिस्का मोठ्या होत गेल्या, तसतसे तक्त्याचे रकाने रुंद करावे लागले. १९९६ साली निघालेल्या तिच्या फॅट-३२ ह्या रूपात फाईलची लांबी लिहिण्यास बत्तीस अंशांचा रकाना ठेविला आहे. त्या रकान्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एक बाइट अधिक लांबीची फाईल लिहावयास रकान्यात जागाच नाही. वर सांगितलेला नकार आला तो येथून.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. डिस्क कोरी करणारा मनुष्य बहुधा पोथी जाळीत नाही, केवळ तक्ता जाळतो. पाने काही काळ तशीच पडून असतात. परंतु पानांचा क्रम सांगणारे काहीच उरले नाही, म्हणजे वाचकाच्या दृष्टीने पोथी असून नसल्यासारखीच. ठेवा आणि ठेव्याची मांडणी ह्या दोन वस्तू निराळ्या आहेत खऱ्या, पण दुसरी गेली की पहिलीही हातची जाते. जागच्या जागी रूपांतर करण्याच्या विद्येचा सारा भर ह्या भेदावर आहे: पानांस हात न लावता केवळ तक्ता नवा करावयाचा.

१९९३ साली विंडोज एनटी निघाली आणि तिच्याबरोबर एनटीएफएस नावाची नवी मांडणी आली. हिच्यात प्रत्येक फाईलीची एका मोठ्या वहीत स्वतंत्र नोंद असते: नाव, लांबी, काळवेळ, कोणती पाने कोठे आहेत, आणि ती फाईल वाचण्याचा वा बदलण्याचा अधिकार कोणास आहे, हे सर्व एके ठिकाणी. शिवाय ह्या मांडणीत रोजकीर्द आहे. आपल्या पेढ्यांवर व्यवहार प्रथम रोजकीर्दीस लिहून मग खतावणीत चढवीत, तद्वत् येथे मांडणीत करावयाचा बदल आधी रोजकीर्दीस लागतो. मध्येच वीज गेली, तर संगणक रोजकीर्द वाचून अर्धवट राहिलेले काम निस्तरतो. फॅट ही रोजकीर्दीवाचून चालविलेली खतावणी होती. वीज केव्हा जाईल ह्याचा भरवसा नसलेल्या गावास हा भेद किती मोलाचा, हे सांगावयास नको.

जुन्या डिस्कवाल्यांस ही नवी मांडणी लाभावी, म्हणून विंडोजबरोबर 'कन्व्हर्ट' नावाची आज्ञा देण्यात आली. तिची रीत पाहण्यासारखी आहे. आरंभी ती डिस्कचे नाव विचारते आणि ते बरोबर सांगितल्यावाचून पुढे पाऊल टाकीत नाही. मग जुन्या तक्त्यात काही दोष आहे काय, हे तपासते. दोष आढळल्यास तो आधी दुरुस्त करावा लागतो. नंतर मोकळी जागा पुरेशी आहे की नाही, ह्याचे मोजमाप होते. कारण नवी वही लिहावयाची ती ह्या मोकळ्या जागेतच. फाईलींची पाने जेथल्या तेथे राहतात. नवी वही पुरी झाली, म्हणजे अगदी अखेरीस डिस्कच्या दाराशी असलेली पाटी बदलावयाची. संगणक प्रथम ही पाटी वाचतो आणि तीवरून कोणती वही उघडावयाची ते ठरवितो. टेकू, तुळई आणि माळवद ह्यांचा जो क्रम आरंभी सांगितला, त्याहून हा निराळा नाही.

परंतु ह्या मार्गात परतीची वाट नाही. एनटीएफएस झालेली डिस्क पुन्हा फॅट करावयाची, तर ती ह्या आज्ञेने होत नाही. कोरीच करावी लागते. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. जुन्या मांडणीत हक्काचा रकानाच नव्हता. नव्या मांडणीत तो आहे. मग त्यात लिहावयाचे काय? विंडोज एनटी आणि विंडोज २००० ह्यांच्या काळात रूपांतर केलेल्या फाईलींपुढे 'सर्वांस पूर्ण मुभा' असे भरून आज्ञा मोकळी होत असे. जे जुन्या कागदात नाही ते नव्या कागदात आपोआप कोठून येणार? रकाना आखता येतो. त्यातील मजकूर मनुष्यानेच शोधून आणावा लागतो.

आता गावाच्या दप्तराकडे वळू. युसूफ वडगाव ज्या बीड जिल्ह्यात आहे तो १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८६५ साली पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी केली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन शेतांस सर्व्हे नंबर पडले. ह्या सर्व्हे नंबरांस आपण डिस्कवरील पाने म्हणू. त्यानंतरच्या काळात त्या पानांवरचे तक्ते किती वेळा बदलले, ह्याची गणती केली तर मन थक्क होते.

पहिला बदल भाषेचा. संस्थानाच्या कचेऱ्यांत फार्सी चालत असे. १८८४ साली तिच्या जागी उर्दू आली. गावात पटवारी आपले हिशेब मोडीत लिही; तालुक्यास ते उर्दूत जात. १९४८ नंतर उर्दू मागे पडत गेली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेल्यावर मराठीने तिची जागा घेतली. दुसरा बदल कालगणनेचा. संस्थानात फसली साल चाले. त्याचे महिने आजूर, दै, बहमन येथपासून मेहेर, आबानपर्यंत. फसली सालात ५९० मिळविले असता साधारणपणे इसवी सन निघतो. तिसरा बदल नाण्याचा. शेतसारा हाली सिक्क्यात लिहिलेला. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब पुढे ठरला. त्यावर १९५७ च्या १ एप्रिलपासून आणे-पै जाऊन दशमान पैसा आला. चौथा बदल मापाचा: एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. पाचवा बदल नमुन्याचा: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली, १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली, आणि साऱ्या राज्यास एक कायदा लागू झाला, सातबारा हा शब्द मराठवाड्यातही घरोघरी गेला. सहावा बदल साधनाचा: कागदाची वही जाऊन संगणकाची नोंद आली.

इतके बदल झाले, परंतु ह्यांपैकी एकाही वेळी गाव उठवून शेते नव्याने वाटण्यात आली नाहीत. नांगर चालू राहिला, ज्वारी-बाजरी पेरली गेली, सारा भरला गेला. आणि त्याच वेळी कचेरीत तक्ता बदलत राहिला. ह्यास जागच्या जागी रूपांतर म्हणावयाचे नाही तर काय?

एका बाबतीत मात्र कोरे करून मांडण्याचा प्रकारही झाला. मुंबई सरकारने १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि तुकड्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा केला होता. तो पुढे मराठवाड्यासही लागू झाला. ज्या गावांत एकत्रीकरणाची योजना अमलात आली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. येथे पानांचे क्रमांकच बदलले. अशा गावात आजोबांचा कागद सर्व्हे नंबर सांगतो, नातवाचा सातबारा गट नंबर सांगतो, आणि कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला हे दाखविणारा तक्ता हाती नसेल, तर दोन्ही कागद खरे असून एकमेकांस ओळख देत नाहीत. बांधावरून आणि हिश्शावरून उठणाऱ्या कित्येक वादांची मुळे अशा ठिकाणी सापडतात.

परंतु जागच्या जागी केलेले रूपांतर तरी निर्दोष असते काय? तसेही नाही. प्रत्येक मांडणी आपल्या रकान्यांत मावेल तेवढेच पुढे नेते. उर्दू लिपीत मराठीच्या 'ळ' आणि 'ण' ह्या वर्णांस स्वतंत्र अक्षर नाही, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. तेव्हा बाळा नावाचा शेतकरी उर्दू नोंदवहीत शिरताना बाळा असतो. तीवरून पुन्हा मराठी नक्कल होते तेव्हा बाला होऊन बाहेर पडण्याचा संभव असतो. मोडीची तऱ्हा आणखी निराळी: तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहीत आणि शब्दही तोडून लिहीत नाहीत. जुन्या फॅटच्या मांडणीत फाईलीचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांचे शेपूट एवढेच मावत असे. लांब नाव कापून टाकावे लागे. पटवाऱ्याची मोडी, कचेरीची उर्दू आणि संगणकाची आठ अक्षरे ह्यांनी आपापल्या परीने नावे कातरली. कोणाच्याही मनात कपट नव्हते. पण कातरलेले पुन्हा जोडले जात नाही.

आकड्यांचेही तेच. पाच एकर वीस गुंठे जमीन हेक्टरांत मांडली असता २ हेक्टर २२.५८ आर इतकी होते. कारकुनाने अपूर्णांक सोडून २ हेक्टर २३ आर लिहिले, तर कागदावर सुमारे साडेचारशे चौरस फूट जमीन वाढली. जमिनीवर एक वीतही नाही. एका नोंदीत ही बाब क्षुल्लक. पण भाऊबंदांच्या वाटणीत हाच अपूर्णांक कोर्टाची पायरी चढावयास लावतो.

हक्काच्या रकान्याची कथा तर डिस्कच्या कथेशी विलक्षण जुळते. हैदराबाद संस्थानात जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा झाला तो १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ च्या सुमारास. १९५० साली कुळकायदा आला. त्यानंतर १९५४-५५ मध्ये जी खासरा पत्रके तयार झाली, त्यांत जमीन कोणाची आणि ती प्रत्यक्ष कसतो कोण, ह्यांची नोंद झाली. मराठवाड्यातील जमिनीच्या तंट्यांत खासरा पत्रकाची नक्कल आजही मागितली जाते. म्हणजे नवा रकाना आखला गेला खरा. पण त्या रकान्यात त्या वर्षी जे लिहिले गेले, अथवा लिहावयाचे राहिले, त्याचे फळ तिसऱ्या पिढीस भोगावे लागते. स्वतः राबणाऱ्या ज्या बाईचे नाव त्यात आले नाही, तिच्या नातवास ते आज कोणत्याही आज्ञेने भरता येत नाही.

अलीकडच्या काळात ह्या गोष्टीचे महत्त्व साऱ्या महाराष्ट्रास एकदम कळून आले. २०२३ साली राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी जातीच्या नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादाविषयी मत देण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, वर्षानुवर्षे बासनात पडलेले रुमाल सोडण्यात आले, तेव्हा त्यांतील अक्षर वाचणारा मनुष्य मिळणे हीच पहिली अडचण ठरली. मोडीचे आणि उर्दूचे जाणकार शोधून आणावे लागले. जुना तक्ता राखला होता, पण तो वाचण्याची विद्या राखली नव्हती. ज्या कुटुंबास आपल्या पणज्याच्या नावापुढील एक शब्द हवा होता, त्याच्या मुलाबाळांचे शिक्षण आणि नोकरी त्या एका शब्दावर अडून राहिली.

मग शहाण्याने करावे काय? संगणकाच्या क्षेत्रात ह्या प्रश्नावर जो विचार झाला, तो दप्तरदारांनीही पाहण्याजोगा आहे. २००१ साली लिनक्स ह्या प्रणालीत स्टीफन ट्वीडी ह्यांनी सिद्ध केलेली एक्स्ट-३ ही मांडणी आली. जुन्या एक्स्ट-२ मांडणीस तिने केवळ रोजकीर्द जोडली. बाकी सारे तसेच ठेविले. त्यामुळे डिस्क नीट बंद केलेली असली, तर ती पुन्हा जुन्या पद्धतीनेही उघडता येई. पुढे बीटीआरएफएस नावाच्या मांडणीसाठी जे रूपांतराचे साधन निघाले, त्याने आणखी एक पाऊल टाकले: जुन्या मांडणीचे सबंध चित्र ते एका बाजूस जतन करून ठेविते, आणि नवे पसंत पडले नाही तर त्यावरून मागे फिरता येते. २०१७ च्या मार्चमध्ये ॲपल कंपनीने जगभरच्या आयफोनांतील मांडणी एका आवृत्तीबरोबर बदलली. लोकांच्या हातातील यंत्रे, त्यांतील छायाचित्रे आणि निरोप, ह्यांपैकी काहीही न पुसता हे काम करावयाचे होते. त्याआधीच्या आवृत्तींत लोकांस नकळत ह्या रूपांतराची तालीम घेण्यात आली होती, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मागाहून सांगितले. नवी वही लिहावी, जुन्या वहीशी ताडून पाहावी, आणि मग जुनीच वही चालू ठेवावी, असा त्या तालमीचा प्रकार होता.

महाराष्ट्रानेही सातबाऱ्याच्या बाबतीत असे काही केले, हे नमूद केले पाहिजे. हाताने लिहिलेला सातबारा आणि संगणकातील सातबारा ह्यांचा मेळ घालण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. लोकांसमोर नोंदी वाचावयाच्या, चूक असेल तेथे हरकत घ्यावयाची, आणि लेखनप्रमाद असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तो दुरुस्त करावयाचा, अशी ती रीत. पुढल्या वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल सहीचा सातबारा लोकांस मिळू लागला. ज्याचे शेत त्याच्या कानी त्याची नोंद घालणे, ह्याहून चांगली तपासणी कोणत्याही यंत्रास साधावयाची नाही. जेथे हे वाचन मनापासून झाले तेथील लोक सुखी. जेथे ते उरकून घेतले गेले तेथील चुका आता एकेक करून तहसिलीच्या दारी येत राहतील.

तात्पर्य, ज्यास आपल्या डिस्कची मांडणी बदलावयाची आहे, त्याने दप्तराच्या ह्या इतिहासावरून चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात. रूपांतर करण्यापूर्वी सर्व ठेव्याची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. 'फॉरमॅट करावयाचे नाही, मग नक्कल कशास?' असे म्हणणारा मनुष्य टेकू न देता तुळई काढतो. जुन्या तक्त्यातील दोष आधी शोधून काढावेत, कारण चूक नव्या वहीत गेली की ती खऱ्यासारखी दिसू लागते. मोकळी जागा राखावी. आणि रूपांतर झाल्यावर दोनचार फाईली उघडून, नावे आणि तारखा जुळतात की नाहीत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

शेवटी गावाच्या नावाविषयी एक शब्द. युसूफ वडगावापासून जवळच असलेल्या अंबाजोगाईस निजामी अमलात मोमिनाबाद असे नाव देण्यात आले होते. येथे एक नाव पुसून दुसरे लिहिले गेले. परंतु लोकांच्या तोंडचे नाव काही पुसले नाही, आणि पुढे कागदावरही तेच परत आले. युसूफ वडगावाची रीत वेगळी. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ. ओळख पटावी म्हणून त्याच्यामागे युसूफ हे नाव जोडले गेले, आणि जोडणाऱ्याने वडगाव खोडले नाही. फार्सी गेली, उर्दू गेली, फसली साल गेले, हाली सिक्का गेला. पण ह्या दोन शब्दांपैकी एकही कोणी काढून टाकला नाही. आज संगणकातील सातबाऱ्याच्या माथ्यावर ते दोन्ही शब्द शेजारी शेजारी उमटतात.